चौदावी खेळी

"उद्या पाच वाजता अर्ज जाते, ताई. मागून वार केला असं नको म्हणू, म्हणून तोंडावर सांगाले आलो."

कुलदीप उंबऱ्याच्या आत आलाच नाही. दुपारचे तीन वाजले होते. अकोल्याच्या जठारपेठेतल्या त्या घरात तीन वर्षांत माहेरचं माणूस पहिल्यांदा आलं होतं, आणि आलं ते असं! दामिनीच्या हातात कणकेचा गोळा होता, तो तसाच राहिला. समोर तिचा धाकटा भाऊ उभा होता... ग्रँडमास्टर कुलदीप खुशालराव ठाकरे, ज्याच्या बुद्धिबळातल्या ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, तयारीचा धसका देशभरातले खेळाडू घेत, ज्याचे धडे शिकायला परदेशातली मुलं पहाटे उठून मोबाइलसमोर बसत.

"कसला अर्ज?" तिने विचारलं.

"तुह्या नवऱ्याले राज्याच्या ज्युनिअर संघाचा कोच करून राह्यले ना? समितीनं माहं मत मागतलं. मी लिहून देतो, का हा माणूस दुसऱ्याची तयारी चोरते आन् इकते. असा माणूस पोरं घडवन?"

"कुलदीप, त्यांचा काही संबंध नाई. म्या तुले तेव्हाच सांगतलं..."

"तू काय सांगतलं? काहीच नाई सांगतलं! तोंड शिवून उभी राह्यली अन् पंधरा दिवसानं ह्या घरात निघून आली." त्याचा आवाज चिरकला. "तयारीची फाइल दोघाजवळच होती ताई. माह्याजवळ आन् तुह्याजवळ. मी तर इकली नाई!"

आतून सासूबाई, सिंधूताई, बाहेर आल्या. "अगंबाई, दामिनी, पाहुण्यांना दारातच काय उभं करतेस?" पण तोपर्यंत पाहुणा जिना उतरला होता.

दामिनी तशीच उभी राहिली. तीन वर्षं तिने स्वतःच्या नावावर डाग वागवला होता, आणि तो तिला जड नव्हता. पण आता डाग नवऱ्याच्या, अद्वैतच्या, कपाळावर लागणार होता... जो सात वर्षं चाळीस-चाळीस पोरांना प्यादं कसं धरायचं इथपासून शिकवत आला, ज्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मोठ्या कामासाठी बोलावलं होतं!

काय घडलं होतं ते सगळं सांगणं तिला एका वाक्यात शक्य होतं. तेच वाक्य तिने तीन वर्षं गिळलं होतं.

ठाकरे दर्यापूर तालुक्यातले. काळ्या जमिनीत कपाशी आणि सोयाबीन. पोरांचा खेळ पाहून खुशालरावांनी अमरावतीला साईनगरात घर केलं. दोघंही खेळायची; खरं तर दामिनी आधी. पण स्पर्धांना पाठवायचं ते एकालाच जमणार होतं, आणि कुणाला ते घरात कुणी मोठ्याने बोललंसुद्धा नाही. एकोणिसाव्या वर्षी दामिनीने आपला पट मिटला आणि ती भावाच्या पटामागे बसली. ओपनिंगची तयारी तिची. कुलदीप मोठमोठ्या खेळाडूंचे डाव चाळायचा. दामिनीची रीत वेगळी होती. ती हौशी, अनोळखी, कुठल्या कोपऱ्यातल्या साइटवर खेळलेले डावही उकरायची. "कचरा येचते माही बहीण," तो हसून म्हणायचा. त्या कचऱ्यातून तिने त्याला ग्रँडमास्टर केलं होतं.

आणि कारो-कान या ओपनिंगमधली ती चौदावी खेळी! राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एकदम दोन घरं पुढे. आपल्याच राजाची तटबंदी आपल्या हाताने उघडायची; पाहणाऱ्याला वाटावं, पोराला वेड लागलं. दामिनी पाच महिने त्या खेळीपाठी लागली होती. ती खेळी जगात कुणी खेळलेली नव्हती. राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत, पुण्याच्या शिवमविरुद्ध, कुलदीपला नुसती बरोबरी हवी होती. तेवढ्यावर भारतीय संघातली जागा पक्की होती. त्याने ते प्यादं पुढे सारलं... आणि शिवमने एक मिनिटसुद्धा न घालवता उत्तर दिलं. त्याला सगळं पाठ होतं. सव्विसाव्या खेळीला कुलदीपने हार मानून हात पुढे केला.

त्याच वर्षी अद्वैत भागवतने पुण्याच्या एका शिबिरात शिवमला शिकवलं होतं. आणि दामिनीचं लग्न अद्वैतशी ठरलं होतं, बापाच्या मनाविरुद्ध. पुरावा लागतो कुणाला! "ज्यानं माहं घर फोडलं, त्याचं तोंड मी मेल्यावरही पाह्यनार नाई," कुलदीप सगळ्यांसमोर म्हणाला होता, आणि खुशालरावांनी मान हलवली होती.

त्या हारीनंतर नवव्या दिवशी दामिनीला तो डाव सापडला. एका छोट्या साइटवर, दिवसाला एकच खेळी करायची अशा संथ डावांच्या ढिगात. अशा डावात पुस्तकं पाहून खेळायची मुभा असते. म्हणूनच पलीकडचा नॉर्वेचा निवृत्त शिक्षक तेरा खेळ्या अगदी शास्त्राप्रमाणे खेळला होता. चौदाव्या खेळीला काळ्या मोहऱ्यांच्या खेळाडूने घोड्यापुढचं प्यादं दोन घरं सारलं होतं. काळ्याचं टोपणनाव होतं, ‘दर्यापूर५८’.

बाबा! अठ्ठावन्न सालचा जन्म... सोफ्यावर मोबाइल डोळ्यांशी धरून बसणारे बाबा! ती खेळी खेळूनही ते तो डाव हरले होते. शिवमच्या संगणकाने तो डाव उचलला आणि महिनाभर चघळला.

आपण काय केलं हे बाबांना माहीतच नव्हतं. आणि कुलदीपने शपथ घेतलेली होती. दामिनीने त्या दिवशी थंडपणे हिशेब मांडला होता: मी तर या घरातून जाणारच आहे, बाबांना मात्र याच घरात, याच मुलाजवळ म्हातारं व्हायचं आहे. तिने संगणक बंद केला. अद्वैतलाही सांगितलं नाही. बापाची चूक नवऱ्याजवळ बोलली, तर ती चूक सासरची होते, असं तिला वाटलं...

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरली. पर्समध्ये त्या डावाचा छापील कागद होता. कुलदीप सकाळी साडेअकरापर्यंत शिकवणीत असतो हे तिला आईकडून ठाऊक होतं. त्याच्या आत बाबांना एकट्याला गाठायचं. कागद त्यांच्या हातात द्यायचा. पुढचं त्यांनी ठरवायचं.

साईनगरातल्या घराचं दार आईने, मनकर्णाबाईंनी, उघडलं. लेकीला पाहून त्यांचा हात तोंडावर गेला. "दामिने! अवो माय... तू? फोन तं कराव!"

"बाबा कुठं आहेत?"

"कोन आलं वो?" आतून आवाज आला.

"पोरगी आली तुमची."

दामिनी बैठकीत गेली. खुशालराव मोबाइल धरून बसले होते. त्यांनी तो उलटा ठेवला, पण मान वर केली नाही. केस पार पिकले होते. हे आई फोनवर कधी बोलली नव्हती.

"काहून आली?" ते म्हणाले. "नवऱ्याचं काम अडलं म्हणून आली असशील. नाईतं तुले बाप आठवत नाई."

तिने कागद पुढे केला. "बाबा, एवढं वाचा फक्त. म्या कोनालेच दाखवलं नाई."

त्यांनी चष्मा चढवला. पंखा फिरत होता, स्वयंपाकघरात कुकरची शिटी झाली. एक मिनिट गेलं... दोन गेली. त्यांचं बोट ओळींवरून खाली सरकत गेलं आणि चौदाव्या ओळीवर थांबलं. मग ते सावकाश वर गेलं, तारखेकडे. मार्च महिना. कुलदीपचा डाव ऑगस्टातला.

"दामिने..." ते तारखेकडेच पाहत होते. "हे... हे तिथूनच गेलं का?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मले वाटलं, टोपननावानं खेयतो, कोनाले काय कयते. तुमी दोघं रोज म्हनत, हे खेळी दुनियेत कोनंच खेयली नाई. जनमभर पोराचा डाव बाजूले बसून पाह्यला वो... वाटलं, एकखेप आपनई खेयून पाहाव." त्यांनी चष्मा काढला. "मीच पोराले बुडोलं. आन् तू तीन वर्ष..."

त्याच क्षणी फाटक वाजलं. कुलदीप! शिकवणी लवकर सुटली होती.

तो दारातच थबकला. बहिणीकडे, बापाच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि हसला. "माफीनामा आनला का भाऊजीचा? दाखव बरं. टंकून आनला का हातानं लिहिला?"

दामिनीने झडप घालून कागद ओढला. इतका वेळ सगळं ठरवून आलेली ती, बापाच्या त्या चेहऱ्याकडे पाहून एका क्षणात सगळं विसरली. "काही नाई! माहा कागद आहे. मी चालली..."

"दे इकडं!"

"नाई देत! मारशील का? मार!" कागदाचा चुरगळा तिच्या मुठीत होता. "तू म्हनत होता ना म्या इकली? इकली! म्याच इकली! अद्वैतले ठाऊक नाई. माहं नाव लिही अर्जात, त्याचं नको लिहू!"

"दामिने, गप." खुशालराव उभे राहिले. खुर्चीचा आधार घेऊन, पण सरळ. "ते खोटं बोलून राह्यली, कुलदीप. तो कागद माहा आहे. तो डाव माहा आहे. तुही खेळी म्या फोडली."

मनकर्णाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

कुलदीपने कागद घेतला, उलगडला. खेळ्या वाचायला त्याला काही सेकंद पुरेसे होते. ज्याच्या हातून जगातली एकही ओपनिंग सुटत नाही असं लोक म्हणत, त्याच्या स्वतःच्या घरातला डाव त्याला दिसला नव्हता... कारण तो कचरा होता, आणि कचरा बहीण वेचायची!

"तुले कधी सापडलं हे?" त्याने तिच्याकडे न पाहता विचारलं.

"नवव्या दिवशी."

"म्हंजे तू घर सोडलं, त्याच्या आधी." तो भिंतीला टेकला. "मी तुले चोर म्हनलो. लग्नाले आलो नाई, मायले येऊ देलं नाई... आन् ते खेळी तं तुहीच होती, ताई. मी सगळीकडं माही म्हनून सांगतली. आठ धडे केले त्याच्यावर. एकातही तुहं नाव नाई!"

"तू शपथ घेतली होती. घर फोडनाऱ्याचं तोंड पाह्यनार नाई म्हनून."

"त्याले तोंड दाखवाची माहीच लायकी नाई," खुशालराव म्हणाले.

कुलदीपने बापाकडे पाहिलं. तीन वर्षांचा सगळा संताप त्याच्या कपाळावर गोळा झालेला दिसत होता, आणि तो आता कुणावर कोसळणार ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मग तो पुढे झाला आणि बापाला खांदा धरून खुर्चीत बसवलं. जरा जोरातच.

"बसा. पाय लटपटून राह्यले तुमचे." त्याने दोन्ही तळहातांनी डोळे चोळले. "निदान जिंकाचा तरी होता बाबा तो डाव!"

मनकर्णाबाईंना रडता रडता हसू फुटलं. खुशालरावांना नाही.

"अर्ज जात नाई," कुलदीप म्हणाला. फोन काढून त्याने सगळ्यांसमोर तो मजकूर पुसून टाकला.

"तेवढ्यानं भागत नाई." खुशालराव पुन्हा उठले. "ज्याच्यावर आळ घेतला, त्याच्या तोंडावर सांगा लागते. गाडी काढ. मी जावयाच्या घरी येतो."

"बाबा, काही गरज नाई," दामिनी म्हणाली.

"तुले इचारलं नाई."

तिघं निघाले; मूर्तिजापूर मागे पडलं. त्यानंतर खुशालरावांनी एकदाच विचारलं, "जावयाची माय काय म्हनन?"

जठारपेठेत पोचले तेव्हा दोन वाजले होते. अद्वैत पुढच्या खोलीत मुलांसाठी पट मांडत होता. दारात सासरे आणि मेहुणा पाहून त्याच्या हातातला उंट तसाच राहिला. सिंधूताई लगबगीने आल्या. "या, या ना! बसा. पाणी आणते."

"बसाले नाई आलो, बाई," खुशालराव म्हणाले. त्यांनी हात जोडले. साठी ओलांडलेला, बैलजोडीसमोरसुद्धा कधी न वाकलेला तो माणूस तिशीतल्या जावयापुढे हात जोडून उभा होता! "जावईबापू, तुमच्यावर जो आळ आला तो माह्याच्यानं आला. कुलदीपची खेळी..."

"बाबा, मला माहीत आहे," अद्वैत म्हणाला.

दामिनीने वळून नवऱ्याकडे पाहिलं. "काय माहीत आहे?"

"तुझ्यावर आळ आला तेव्हा मी शिवमलाच विचारलं होतं. त्याने मला डाव पाठवला. ‘दर्यापूर५८’." त्याने हातातला उंट हळूच घरावर ठेवला. "ओळखायला वेळ नाही लागला."

"तीन वर्षांपासून?" कुलदीपचा आवाज फुटला. "भाऊजी, आज तुमची निवड गेली असती! जन्मभर चोर म्हनले असते तुम्हाले! तरी बोलले नाई?"

"दामिनी बोलली नाही. मग मी कसा बोलणार?"

कुलदीप वाकला. अद्वैतने त्याला पायांपर्यंत पोचू दिलं नाही; मधेच दंड धरले आणि धरूनच ठेवले.

दामिनी भिंतीला धरून उभी होती. आपण एकटीने ओझं वाहिलं, अगदी एकटीने, असं समजून तिने या घरात तीन वर्षं काढली होती. रोज शेजारी जेवणारा माणूस तेच ओझं घेऊन जेवत होता! तिला राग आला, लाज वाटली, आणि दोन्हींच्या खालून काहीतरी उसळून वर आलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," अद्वैत म्हणाला.

कुलदीपने चोर म्हटलं तेव्हा ती रडली नव्हती. नोंदणी कार्यालयात माहेरचं कुणी नसताना सही केली तेव्हाही नाही. आता मात्र ती तिथेच, पटांच्या रांगेत, खाली बसली आणि हुंदके देऊन रडू लागली... लहान पोरीसारखी, कुणाचीही भीड न धरता. सिंधूताई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबल्या. कुणी तिला गप्प केलं नाही.

खुशालराव क्षणभर घुटमळले. मग कष्टाने गुडघे मोडून लेकीशेजारी फरशीवर बसले, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.