दोन शब्दांमधला गोल

माणूस कसा आहे, हे मी त्याच्या स्पेसबारवरून ओळखते. माजलगावला धान्याच्या मोंढ्यासमोर आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. घाईची माणसं शब्द एकमेकांना चिकटवून टाकतात, संशयी माणसं दोन-दोनदा दाबतात. पण एका ओळीसाठी तीस-तीस वेळा स्पेसबार दाबणारा मी त्या दुपारी पहिल्यांदाच पाहिला.

चकलांब्याचा सोमनाथ. त्यानं रुमालात बांधलेला पेनड्राइव्ह काढला. त्याचे वडील हरिबा मेंढरं राखतात आणि चालता चालता ओव्या गातात. त्या सगळ्या ह्यानं स्वतः टाईप केल्या होत्या. पुस्तक करायचं होतं.

फाईल उघडली तर ओव्या पानाच्या मधोमध कशा ऐटीत उभ्या. मी पान पुस्तकाच्या मापाचं केलं, आणि… सगळ्या ओळी उधळल्या. एक इकडं, अर्धी तिकडं.

"अर्र… कळपात लांडगा शिरला जणू."

"लांडगा नाही, स्पेस. ओळ मध्ये आणायला स्पेसबार दाबत बसलात?"

"मंग? हाकलत न्यावं लागतंय की."

मी एक बटण दाबलं. ओळ आपसूक मध्ये जाऊन उभी राहिली. तो स्क्रीनकडं न बघता माझ्या बोटाकडं बघत राहिला. बघायचं ते मीही बघून घेतलं. तळहाताला काठीचा घट्टा, आणि हसू आलं की खालचा ओठ दाबायची सवय.

दुकानात येणारा प्रत्येकजण मला भाऊ, नाहीतर काका. सोमनाथलाही पहिल्या दिवशी भाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून ते राहूनच गेलं. माझे वडील, मन्मथप्पा, झेरॉक्स मशीनमागं बसतात. त्यांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं.

खरी अडचण पुढंच होती. ओळ तोडायची कुठं? कॉम्प्युटर जागा संपली की तोडतो. सोमनाथचं म्हणणं, दादा, म्हणजे त्याचे वडील, दम घेतात तिथं तुटली पाहिजे. पण दम नेमका कुठं, ते त्याला सांगता येईना. म्हणून बुधवारी तो हरिबांनाच घेऊन आला. म्हाताऱ्यानं स्टुलावर बसून कानावर हात ठेवला आणि गायला सुरुवात केली…

पाण्याला गेली मेंढी
काठावर थबकली
मागं कोन ऱ्हायलं म्हनून
मान तिनं वळविली

जिथं दम, तिथं मी शिफ्ट धरून एंटर. ओळ खाली येते, ओवी मात्र एकच राहते. झेरॉक्सला आलेली माणसं कागद हातात धरून ऐकत उभी होती. पोरीला दम कळतो, असं हरिबा जाताना म्हणाले.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत सोमनाथ नऊ वेळा आला. खऱ्या चुका तीनच होत्या. उरलेल्या सहांपैकी दोन त्यानं शोधल्या, चार मी.

खऱ्या तिनातली एक म्हणजे, हरिबांचं नाव ओळीच्या शेवटी आणि आडनाव खालच्या ओळीत. दादांचं नाव असं फाटलेलं त्याला बघवेना. मी कंट्रोल आणि शिफ्ट धरून स्पेस द्यायला शिकवलं.

"ही जागा तुटत नाही. जायचं तर दोन्ही शब्द मिळून खाली जातात. चिन्हं चालू केली की साध्या जागेला टिंब दिसतं, हिला बारीक गोल. कागदावर मात्र काहीच दिसत नाही."

"काहीच न्हाई?" त्यानं दोनदा विचारलं.

मग शुक्रवार आला. पाच वाजता फाईल छापखान्याला जायची होती. ती गेली की सोमनाथला माजलगावला यायचं कारण संपणार होतं, आणि माझ्या चुकाही. आभाराचं शेवटचं पान त्यानं घरून टाईप करून आणलं होतं. 'ओव्या हरिबांच्या. पुस्तक जुळवलं ईश्वरी आणि सोमनाथ यांनी.'

माझ्या नावानंतरचं त्याचं नाव ओळीच्या अगदी काठावर होतं. मी समास जरासा वाढवला. वाटलं, आता सोमनाथ एकटाच खाली जाईल… पण तिन्ही शब्द मिळून उतरले. मी चिन्हं चालू केली. पानभर टिंबं. आमच्या नावांमध्ये तेवढे दोन गोल.

तो पंख्याकडं बघत होता. कान लाल.

"हे काय?"

"तुमीच शिकिवलंय." मग अगदी हळू, "नको असंल तर… साधी जागा द्या. टिंब दिसलं की मला कळंल. कावून म्हनून इचारनार न्हाई."

दोन टिंबं द्यायची. किती सोपं काम… अप्पांच्या गळ्यातलं इष्टलिंग, त्याच्या घरची मेंढरं, दोन्हीकडचे पाव्हणे, सगळे डोळ्यांसमोरून गेले. बोटं स्पेसबारवर होती आणि मला पहिल्यांदाच तो दाबता येत नव्हता.

"ईश्वरे, पाच वाजले," अप्पा म्हणाले. "अजून काही बदल?"

मी मान वळवून सोमनाथकडं बघितलं.

"न्हाई अप्पा," मी त्याच्याच बोलीत म्हणाले. "हाय तसंच ठेवलं."

फाईल गेली. सोमनाथ उठला, पुन्हा बसला. खालचा ओठ दाबूनही त्याचं हसू थांबेना.

"मंग… उद्या काय म्हनून येऊ?"

तेवढ्यात मशीनमागून आवाज आला.

"येताना वडलांना घेऊन ये. ही तुला भाऊ म्हणायचं विसरली, त्या दिवसापासून मी चहा तीन सांगतोय."