रिकाम्या रस्त्याची ओळख

रस्ता कापायला ताकद लागत नाही, धीर लागतो, असं उस्ताद म्हणायचे. लांब्याकडे दोन्ही नाही, नुसती उंची आहे, असं तारवालीचा नवरा म्हणायचा. लांब्या काहीच म्हणायचा नाही, कारण कटर चालू असताना त्याला ऐकू यायचं नाही आणि बंद असताना त्याला भूक लागलेली असायची.

चौघांची ही टोळी. लांब्या डांबरी रस्त्यात चौकोनी खाच कापायचा. तारवाली त्या खाचेत तारेचे वेढे बसवायची. उस्ताद वरून गरम डांबर ओतून खाच बुजवायचे. तारवालीचा नवरा टोळीचा ट्रक चालवायचा, आणि जोडीला तोंडही. वेढ्यांच्या त्या चौकोनाला सगळे लूप म्हणत. तारेची टोकं पिळून रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीत न्यायची आणि आतल्या सर्किटच्या कार्डाला जोडायची. लूपवर गाडी येऊन थांबली की कार्डावरचा पिवळा दिवा लागतो, आणि जरा वेळाने त्या गाडीला हिरवा सिग्नल मिळतो. रस्त्याला डोळा बसवायचं काम आहे आपलं, असं तारवाली नातेवाइकांना सांगायची. नातेवाईक मान डोलवायचे आणि विषय बदलायचे.

या वेळचा चौक तिच्यासाठी जिवाभावाचा होता. उस्तादांचे गुडघे आता बसले की उठायला तयार नसत. हा चौक संपला की ते घरी बसणार होते. चौक तपासणीत पास झाला तर त्यांच्या जागी तारवाली मुकादम. नापास झाला तर टोळी मोडायची, आणि तिला एका दुसऱ्या मुकादमाच्या हाताखाली जावं लागणार होतं, जो बायकांच्या हाती झाडूशिवाय काही देत नसे. उस्तादांनी तारेची पहिली गाठ तिला हात धरून शिकवली होती. डेपोच्या फाटकातला लूप तिने एकटीने घातलेला. तिथला आडवा दांडा अजून एकदाही चुकला नव्हता. गाडी आली की वर, गाडी पार गेली की खाली. मुकादमकी तिला हवी होती, आणि ती हवी आहे हे ती लपवतही नव्हती.

चौक तसा साधा. मोठा रस्ता सरळ जाणारा, एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला औषधांचं दुकान. त्याला एक नवाकोरा रस्ता उतारावरून येऊन मिळत होता. हा नवा रस्ता अजून खुला झालेला नव्हता. वर चढून गेलं की तो एका पुलाशी संपायचा, आणि तो पूल अर्धाच होता. पुढे मातीचा ढिगारा, पत्र्याची भिंत, तिच्यापलीकडे खोल नाला. पूल होईल तेव्हा होईल, लूप आधी घाला, असा वरून हुकूम होता.

"म्हणजे जावई ठरायच्या आधी पाळणा टांगायचा," नवरा म्हणाला.

"तुम्ही ट्रक बाजूला घ्या आधी," तारवाली म्हणाली. "कार्ड चालू करायचंय. उगाच पुन्हा तसला प्रकार नको."

लांब्या खो खो हसला. तसला प्रकार टोळीत सगळ्यांना पाठ होता. कार्ड चालू करताना लूपवर काही नसलं पाहिजे, कारण त्या क्षणी वर जे असेल त्यालाच कार्ड रिकामा रस्ता समजतं. लग्नाआधीच्या काळात नवऱ्याने नेमका लूपवरच ट्रक उभा ठेवला होता, आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत उस्तादांनी कार्ड चालू केलं होतं. कार्डाने ट्रकला 'काही नाही' ठरवून टाकलं. हा पठ्ठ्या तासभर लाल सिग्नलला हॉर्न मारत बसला होता. त्याला हसता हसताच तारवाली त्याच्या प्रेमात पडली, असं तो सांगायचा. ती हसली होती एवढंच खरं आहे, असं ती सांगायची.

तिने स्वतः झाडू घेऊन लूप झाडला, मोकळा रस्ता डोळ्याखालून घातला आणि कार्ड चालू केलं. ट्रक लूपवर आला, दिवा लागला. ट्रक गेला, दिवा विझला. उस्तादांनी घडीच्या खुर्चीतून अंगठा वर केला.

दुपारी चहाचा थर्मास उघडला आणि नव्या रस्त्याला हिरवा पडला.

मोठ्या रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. एक स्कूटरवाला मान वेळावून उताराकडे बघत राहिला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पेटीतला दिवा लागलेला होता. हिरवा पडल्यावर जरा वेळाने तो आपला आपण विझला.

"नवीन आहे, बुजतंय," उस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही थर्मास उघडायला आणि दिवा लागायला एकच गाठ. नवऱ्याने लगेच एक कप जास्तीचा भरून रस्त्याकडेला ठेवला. "पाहुणा बरोबर चहाच्या वेळेला येतो. घरंदाज दिसतोय."

पाहुणा हे नाव तिथून पडलं. तारवालीने मात्र बाह्या सरसावल्या. तिने सगळे जोड उघडून पुन्हा बांधले. शेजारच्या मार्गिकेचं कार्ड काढून इथे लावलं, इथलं तिथे. तिसऱ्या दुपारी दिवा लागला तो याच लूपचा. म्हणजे दोष कार्डात नव्हता. तार मोजली, तार ठणठणीत. लूप खोटं बोलत नव्हता. त्याच्यावर काहीतरी उभं होतं.

त्याच दिवशी लांब्याने कटरचा गाळ धुवायला वरच्या बाजूने पाण्याचा पाइप सोडला होता. पाणी उतारावरून पसरत लूपवर आलं आणि सगळा रस्ता काळाभोर भिजला. फक्त चार जागा कोरड्या राहिल्या. प्रत्येकी दोन तळहातांएवढ्या, दोन पुढे, दोन मागे. पाणी त्यांच्या कडेने वळून खाली गेलं.

हिरवा पडला. चारही कोरड्या जागा एकदम भिजल्या.

"थांबायच्या रेषेच्या आत उभा राहतो, बघितलंस?" नवरा म्हणाला. त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. "गाडी चालवावी तर अशी. लायसन नक्की असणार."

उस्ताद खुर्चीतून उठले. वाकून त्यांनी त्या चार जागांपैकी एकीवर हात ठेवला. ऊन चांगलं रणरणत होतं. बाकीच्या रस्त्यावर हात टेकवत नव्हता. त्या गार जागेवरून त्यांनी हात मात्र सावकाश उचलला आणि शर्टाला पुसला.

"येतो, थांबतो, हिरवा मिळाला की जातो," ते म्हणाले. "वाट दिली की झालं. आपलं काय जातं?"

"आपली मुकादमकी जाते," तारवाली म्हणाली. "उद्या साहेब दुपारीच येणारेत. रिकाम्या रस्त्यावर दिवा लागलेला बघितला की चौक नापास."

तपासणीचे साहेब आले ते हसतमुखाने, छत्री डोक्यावर धरून. गृहस्थ तसे चांगले. लूपची खाच त्यांनी बोट फिरवून बघितली, "वा, काय सफाई आहे!" म्हणाले, आणि थांबायच्या रेषेची रुंदी मोजायला वाकले.

तारवाली पेटीपाशी होती. दिवा लागला.

साहेबांची पाठ होती. कार्डावर एक बारीक बटण असतं. ते दाबलं की कार्ड सगळं विसरतं आणि पहिल्यापासून शिकतं. तिने बोट बटणावर नेलं.

"पोरी," उस्ताद खुर्चीतून हळूच म्हणाले, "रस्ता रिकामा नाहीये."

तिला ते माहीत होतं. त्यांनीच तर शिकवलं होतं.

तिने बटण दाबलं.

दिवा विझला.

साहेब वळले. त्यांनी पेटीत डोकावलं, मोकळ्या रस्त्याकडे बघितलं आणि समाधानाने मान हलवली. "आता गाडी आणा बघू."

नवऱ्याने ट्रक उतारावरून आणला आणि लूपच्या बराच अलीकडे थांबवला.

"पुढे घ्या की!" साहेब ओरडले.

तो काचेतून बायकोकडे बघत होता. तिने मान हलवली. घ्या.

ट्रक इंचाइंचाने पुढे आला. तिच्या नवऱ्याने डोळे मिटलेले तिला दिसले.

दिवा लागला. हिरवा पडला. ट्रक निघाला, आणि दिवा विझला.

"पास," साहेब म्हणाले.

मग काय विचारता! लांब्याने वहिनीला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं. उस्तादांनी हातातली पक्कड तिच्या हातात दिली आणि डोळे पुसले. डांबराचा धूर म्हणाले, पण भट्टी तर केव्हाच विझली होती. तारवाली हसत होती आणि रडतही होती. साहेबांची गाडी दिसेनाशी झाल्यावर तिने गुपचूप पाइप सोडला. सगळा रस्ता भिजला. कोरडी जागा एकही नव्हती.

"गेला!" ती म्हणाली.

"कुठे?" उस्तादांनी विचारलं.

"कुठे का जाईना, उस्ताद," नवरा म्हणाला. "मुकादमबाई, बसा गाडीत."

लांब्या आणि उस्ताद तिथूनच घरी गेले. डेपोच्या वाटेवर नवऱ्याने तीनतीनदा तिला 'मुकादमबाई' म्हणून घेतलं. गाडी जरा जड वाटतेय, असंही तो मध्येच म्हणाला, आणि मग पुन्हा गाऊ लागला.

उन्हं अजून होती. फाटकातला दांडा ट्रक बघून वर गेला. ट्रक आत आला आणि नवऱ्याने तो फाटकापलीकडेच थांबवला. वॉचमनला बातमी दिल्याशिवाय त्याला चैन पडलं नसतं.

"आमच्या मंडळी मुकादम झाल्या, राव!"

"अरे वा, ताई! आता मिठाई पाहिजे," वॉचमन म्हणाला. मग त्याने फाटकाकडे बघितलं. "हे काय, दांडा अडकला वाटतं. तुमचा लूप ना हा?"

दांडा वरच होता.

तारवालीने मागे वळून बघितलं. फाटकात कुणी नव्हतं. तिचा लूप एकदाही चुकला नव्हता.

नवऱ्याने आरशात बघितलं. त्याने गिअर टाकला आणि ट्रक एका गाडीची जागा होईल एवढा पुढे घेतला.

दांडा खाली आला.

शेडमध्ये ट्रक लावताना त्याने शेजारची जागा सोडली. वॉचमनला काही कळेना. "ताई, मधली कशी काय मोकळी?"

"राहू दे," ती म्हणाली. मुकादम म्हणून तिने दिलेला हा पहिला हुकूम. "तिथे कुणी लावायची नाही."

खाली उतरल्यावर नवऱ्याने तिचा हात धरला. आवाज त्याने ओढूनताणून हसरा केला होता. "अगं, भला माणूस आहे तो. हिरवा मिळाला की जातो, बघितलंय ना आपण?"

तिने डेपोभर नजर फिरवली. रांगेत लावलेले ट्रक होते, पाण्याचा नळ होता, वॉचमनची खुर्ची होती आणि फाटकातला दांडा होता.

डेपोत सिग्नल नव्हता.