जागा बदलताना

डायपर आणायला म्हणून ती बाहेर पडली आणि मांजरीची तीन पिल्लं घेऊन घरी आली.

प्राण्यांचा निवारा कोपऱ्यावरच होता. बाळ होण्याआधी ती तिथे पिंजरे धुवायला जायची. आज नुसतं डोकवायचं, असं स्वतःला बजावूनच आत शिरली होती. पण तिथल्या ताईंनी सरळ तिच्या हातात खोकं ठेवलं.

"आई काल गेली गं यांची. अजून डोळेही उघडले नाहीत. इथे सारखं बाटलीने पाजत बसायला माणूस कुठाय? तू नेलीस तरच जगतील."

खोक्यात एक मळका टॉवेल होता. मांजरी त्याच्यावरच व्याली आणि त्याच्यावरच गेली. आईच्या वासाचं फडकं पिल्लांबरोबर द्यायचं, ही निवाऱ्याची रीत.

"आणि हा धुवायचा नाही हं," ताई म्हणाल्या. "वास गेला की हंबरडा फोडतात, मग पीत नाहीत."

हल्ली खुळखुळासुद्धा उकळून घेणाऱ्या बाईने हे निमूट ऐकून घेतलं.

"स्वतःचं एक झोपत नाही, म्हणून आणखी तीन?" नवरा म्हणाला. "उद्या मोरीत बसून रडशील."

ती परवाच रडली होती, त्यामुळे तिला जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाटली कोमट करून ती खोलीत आली, तर पिल्लं ओली होती. चाटून पुसून लख्ख केलेली. पोटं टम्म. तिने बाटली पुढे केली, तर तिघांनीही तोंड फिरवलं. आपणच पाजून विसरलो असणार, तिने मनाची समजूत घातली. तिचा चष्मा नुकताच फ्रीजमध्ये सापडला होता, म्हणजे तिचा भरवसा काय धरायचा.

इतक्यात पाळण्यातल्या बाळाने दूध ओकलं. हाताशी फडकं नव्हतं. घाईघाईत तिने हाताला लागेल ते ओढलं आणि बाळाचे गाल, गळा, मान पुसली. मग लक्षात आलं, टॉवेल खोक्यातला होता. तिने बाळाला साबण लावून धुऊन काढलं. तरी टॉवेलचा आंबूस, औषधी वास काही गेला नाही.

त्यानंतर खोकं रिकामं दिसलं. पिल्लं सापडली कपाटाच्या खालच्या, मोकळ्या कप्प्यात. टॉवेलसकट. कपाटाचं दार बंद होतं.

निवाऱ्यात तिने हे कितीदा पाहिलं होतं. मांजरीला जागा सुरक्षित वाटली नाही की ती पिल्लं हलवते. एकेक करून, मानेला धरून.

ती स्वयंपाकघरात बाटल्या धूत होती तेव्हा आवाज आला. खरखरीत जीभ फिरल्यासारखा... मग काहीतरी जड, मऊ, फरशीवरून सरकत गेल्याचा.

ती धावली. पाळणा रिकामा होता.

अजून कूसही न बदलणारं तिचं बाळ कपाटासमोर फरशीवर गाढ झोपलं होतं. जावळ एका बाजूला चापून बसवलेलं, ओलं. झबल्याची मागची बाजू चोळामोळा झालेली.

"आत्ताच्या आत्ता परत देऊन ये," फोनवर नवऱ्याचा आवाज एकदम खाली आला.

"दिली तर मरतील रे."

"आणि आपलं?... मी निघालोच."

बाळाला छातीशी धरून तिने एका पायात चप्पल घातली. मागून कपाटातून बारीक, चिरका आवाज आला. मग दुसरा. तिला वाटलं, आपण चांगली आई असतो तर एव्हाना जिना उतरलो असतो. मग तिला कोण जाणे कुठून राग आला. चप्पल भिरकावून ती परत खोलीत आली आणि कपाटासमोर मांडी ठोकून बसली.

"हे बघ," ती म्हणाली. आवाज चिरकला. कपाटाला दम देताना कसला भारदस्त आवाज येणार. "तुझी तीन मी वाढवणार. परत देणार नाही, कुणी काहीही म्हणो. पण हे चौथं तुझं नाही. याला पुन्हा तोंड लावलंस तर... मीही बाळंतीणच आहे, लक्षात ठेव."

पिल्लांचा आवाज थांबला. मग अगदी जवळून, पाठीमागून, गुरगुर सुरू झाली. रागाची नव्हे. संथ, ऊबदार. तिने मागे पाहिलं नाही. बाळाला घट्ट धरलं, आणि कितीतरी रात्रींची साचलेली झोप तिच्यावर कोसळली.

"अगं... तू आत कशी शिरलीस?"

नवरा ओणवा होऊन पाहत होता. ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, गुडघे पोटाशी घेऊन. कुशीत बाळ, पोटाशी तिन्ही पिल्लं. त्याने बाळाला उचललं, चाचपलं.

"कोरडं आहे. छान झोपलंय. आता ही पिल्लं—"

"राहणार आहेत," ती कशीबशी बाहेर येत म्हणाली. "जा, बाटली कोमट कर."

तो तिच्या डोक्याकडे बघत राहिला. "तुझे केस..."

तिने हात मागे नेला. केस चिंब होते, एका बाजूला चापून बसवलेले. मान चुरचुरत होती. बोटांना दातांची एक खूण लागली, कानामागे.

दुसरी खूण दुसऱ्या कानामागे होती.