पहिली फेरी दोघांची

काम म्हणाल तर साधंच होतं. नागपूरच्या इतवारीतून पितळी स्क्रू आणायचे, चार डझन. रत्नाकर साहेबानं कागदावर माप लिहून दिलं आन् दयाराम बुधवारी सकाळच्या गाडीनं रायपूरहून निघाला. पोरगी नागपुरातच दिली होती, तिच्या घरी एक रात्र राहायचं, गुरुवारी वापस. बस, एवढंच काम.

यशदीप, तो मोबाइल खाली ठेव. उजेड तोंडावर पडून राहिला तुह्या, आन् मले भुतापेक्षा तुह्याच तोंडाची भीती वाटून राहिली. लाइट गेली त जाऊ दे, येईल. आन् चेतना, 'सच्ची है क्या' म्हणून काय विचारतं? दयाराम माझ्याच बाजूच्या बाकावर चौतीस वर्षं होता, रेल्वेच्या वॅगन शॉपात. सुतार. इथंच खमतराईत घर त्याचं. माणूस असा की उधारीचा खिळासुद्धा वापस करील. तो खोटं बोलला असता त मी तुमच्यासमोर तोंड नसतं उघडलं.

हं. त रत्नाकर साहेब. शंकर नगरात बंगला, सरकारी हापिसात इंजिनियर, पुण्याकडचा माणूस, बोलणं एकदम पुस्तकासारखं. दयारामले 'दयारामजी, तुम्ही' म्हणे. त्याले नाद होता बोटीचा. आता रायपुरात समुद्र कुठून आणावा, पण नादाले अक्कल नसते. एका जुन्या जमीनदाराच्या कोठ्यात त्याले इंग्रजाच्या वक्ताची एक लाकडी बोट सापडली. डोंगा नाही बरं. मोटर लावलेली, लांबट, नाकाडी, महॉगनीच्या फळ्यांची, समोर दोन माणसं बसतील अशी. रनअबाऊट म्हणतात म्हणे तिले. हौसेनं पाण्यावर फिरवायची. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली होती आन् बूड अर्धं वाळवीनं खाल्लं होतं.

साहेबानं ती भनपुरीले आणून ठेवली. ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांमागं टिनाचं एक शेड होतं, तिथं. दयारामले बोलावलं. "दयारामजी, होईल का हिचं काही?" दयारामनं तिच्या बुडाखालून हात फिरवला, एका फळीवर टिचकी मारली, कान लावला. म्हणे, "साहेब, हिच्यात जीव आहे."

त्या दिवसापासून सहा वर्षं. साहेब संध्याकाळी यायचा, पॉलिश पेपर घासायचा, चहा पाजायचा. पण फळी वाफेवर वाकवायची कोणी? दयारामनं. पाणी शिरू नये म्हणून फटीफटीत सूत ठोकायचं कोणी? दयारामनं. वार्निशचे चौदा हात, आन् दर हातानंतर पुन्हा घासणं. शांता, त्याची बायको, एक दिवस म्हणे, "माह्यापेक्षा तिच्याच पाठीवर जास्त हात फिरला तुमचा." मजुरी तो घेत नव्हता. साहेबानं विचारलं, मंग काय पाहिजे? दयाराम म्हणे, पहिली फेरी. साहेबानं त्याचा हात धरला आन् सांगतलं, "पहिली फेरी दोघांची, दयारामजी. तुमच्याशिवाय मी पाण्यात पाय घालणार नाही."

तुम्हाले वाटन, फेरीत काय आहे. अबे, चौतीस वर्षं त्यानं वॅगनीच्या फळ्या ठोकल्या. वॅगन गेली की गेली. कोणी ठोकली, कोण विचारते? ही एकच वस्तू होती जिच्यात तो स्वतः बसणार होता, अन् तेही समोर, साहेबाच्या बाजूले. तेवढ्यासाठीच जगून राहिला होता म्हणा ना.

आन् एक गोष्ट दयाराम साहेबाले नेहमी सांगे. सहा वर्षं कोरडी राहिलेली बोट पाण्यात टाकली की ती गळते. गळणारच. लाकूड सुकून आखडलं असते. तिले काठाशी बांधून दोन रात्री पाण्यात ठेवायची. बुडते तितकी बुडू द्यायची. लाकूड पाणी पिते, फुगते, फटी आपसूक मिटतात. मंग पाणी उपसायचं आन् मंग माणूस बसवायचा. दोन रात्री. साहेब मान हलवे. "हो, हो, दयारामजी. तुम्ही असालच ना."

आता ऐका. दोन हजार तेवीस, मार्चची सोळा तारीख, गुरुवार. अमावास्या पाच दिवसांवर. गाडी लेट झाली. दयारामचा फोन पोरीच्याच घरी राहिला, चार्जिंगले लावलेला. स्टेशनवर उतरला तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. एका ऑटोवाल्याले हातापाया पडून भनपुरीच्या वळणापर्यंत आला. घर तिथून पुढं पायीच. पण खिशात स्क्रूची पुडी, साहेब सकाळी येणार, वरची शेवटची फळी लावायची. म्हणे, शेडात पुडी ठेवून देतो, मंग घरी जातो. चाबी जवळ होतीच.

रस्त्यावर ट्रक उभे. ड्रायव्हर लोक झोपलेले. सिलतऱ्याकडून तो कारखान्याचा जळका वास, रोजचाच. काही वेगळं नव्हतं.

गोदामाच्या कोपऱ्यावर खांबाचा दिवा आहे. त्याच्याखाली साहेब उभा होता.

दयारामले नवल वाटलं. पण खरं सांगू, आनंदच झाला. इतक्या रात्री माणूस आपल्यासाठी थांबला म्हणून. म्हणे, "साहेब, तुम्ही? गाडी लेट झाली. स्क्रू भेटले."

साहेब म्हणाला, "आलास, दयाराम?"

'आलास.' सहा वर्षांत पहिल्यांदा. दयारामले ते गोड वाटलं, सांगू का. त्याले वाटलं, आज साहेब जवळचा झाला.

दोघं चालू लागले. दयाराम एक हात पुढं, साहेब मागं. दयारामच्या चपलेचा आवाज. आन् मागून... फच्. फच्. जसं बुटात पाणी भरलं आहे.

"कुठं भिजले साहेब?"

फच्. फच्.

"घरी सारं ठीक ना?"

मागून साहेब म्हणे, "पहिली फेरी राहिली आपली."

"राहिली कुठं. फळी लावतो, दोन रात्री ठेवतो, मंग जाऊ ना."

मागचा आवाज थांबला. दयारामही थांबला. गोदामाजवळ चार कुत्रे झोपतात, रोज दयारामच्या मागं मागं येतात. त्या रात्री ते ट्रकाखाली होते. भुंकले नाही. एकमेकाले चिकटून बसले होते.

आवाज पुन्हा सुरू झाला. फच्. फच्.

शेड आलं. दयारामनं कुलूप काढलं. दार लोटलं. आत हात घालून बटन दाबलं.

बोट नव्हती.

दोन्ही लाकडी घोडे होते, ज्यांच्यावर ती सहा वर्षं बसली होती. तिच्यावरची ताडपत्री होती, घडी घालून ठेवलेली. वार्निशचा वास होता. बोट नव्हती.

दयारामले आधी चोरीच वाटली. पण चोर ताडपत्रीची घडी घालते का? कुलूप शाबूत. दुसरी चाबी फक्त साहेबाजवळ. आन् मंग त्याच्या हातातली पुडी त्याले जड झाली. स्क्रू रायपुरात भेटत होते. भेटतच होते ना. इतवारीतूनच आणा, याच आठवड्यात आणा, एक रात्र राहून या... केसानं गळा कापला, पोट्टेहो.

तो वळला. दारात कोणी नव्हतं.

"साहेब?"

"इकडे."

आवाज आतून आला.

साहेब शेडाच्या मधोमध होता. दोन घोड्यांच्या मधात. उभा नव्हता. बसला होता. खाली काही नाही... खुर्ची नाही, पाट नाही. जमिनीपासून कमरेइतका वर. पाय समोर लांब केलेले. दोन्ही हात पुढं, जसं चाक धरलं आहे. कपडे अंगाले चिकटलेले. गळ्यात झेंडूचा हार. हारातून पाणी.

टप्.

टप्.

दयाराम दाराच्या चौकटीले टेकला.

साहेबानं मान वळवली नाही. समोरच पाहून राहिला होता.

"किती रात्री म्हणाला होतास?"

"...दोन. दोन रात्री, साहेब."

"दोन."

टप्.

"मी एकही नाही ठेवली."

बल्बभोवती किडेसुद्धा नव्हते.

मंग साहेबानं डावा हात चाकावरून काढला. आन् आपल्या बाजूची जागा थोपटली. हवेत. तरी आवाज आला. लाकडाचा. दयारामनं स्वतः घासलेल्या लाकडाचा आवाज, तो त्यानं झोपेतही ओळखला असता.

"बस, दयाराम."

...

हसू नका. दयारामचा पाय उचलला गेला. त्यानं मले हे सांगतलं तेव्हा तो रडला. म्हणे, 'भाऊ, माह्या मनात भीती होती, पण पाय तिकडंच निघाला. सहा वर्षं त्याच जागेची वाट पाहिली होती मी.' एक पाऊल टाकलं त्यानं. दुसरं टाकलं. हात पुढं केला, काठ धरायले. बोटांना गार लागलं.

आन् तेव्हा त्याची नजर ताडपत्रीवर गेली. किती निगुतीनं घडी घातली होती. घाई नव्हती साहेबाले. विचार करून, निवांत, चारी कोपरे जुळवून...

हात वापस घेतला त्यानं.

"मले न सांगता नेली तुम्ही."

टप्.

"स्क्रूचं काम नव्हतंच. मले दूर पाठवलं."

साहेबाची मान हलली. एकदाच. खाली.

"काहून, साहेब? मी काय मांगत होतो तुम्हाले? नाव मांगत होतो का? बाजूले बसतो म्हटलं, एवढंच ना."

साहेबाचं तोंड उघडलं. आतून शब्द नाही आला. पाणी आलं.

दयाराम एक पाऊल मागं सरला. "मी नाही येत. विश्वास होता तोवर आलो असतो. आता तुम्ही एकटेच जा."

बल्ब गेला नाही. वारा आला नाही. साहेब नव्हता, बस.

दयाराम घरी कसा पोहचला, त्यालेच माहीत नाही. शांतानं दार उघडलं, तर हा दारातच बसला आन् सकाळपर्यंत उठला नाही.

सकाळी नत्थू आला. गोदामांचा चौकीदार, छत्तीसगढी म्हातारा, लय भला माणूस. डोळे लाल. तो म्हणे, "भैया, तोला कुछु पता नइ हे?" दयारामले काहीच पत्ता नाही, हे नत्थूले तेव्हा समजलं. मंग त्यानं सारं सांगतलं.

दयारामची गाडी सुटली असन नसन, तोच बुधवारी साहेबानं ट्रेलर आणला आन् बोट नेली. धमतरीकडं, धरणावर. तिथं कोणाचातरी नवा रिसॉर्ट, गुरुवारी संध्याकाळी उद्घाटन, मोठमोठे पाहुणे, फोटोवाले. साहेबानं माइकवर सांगतलं, सहा वर्षं मी एकट्यानं हिच्यावर मेहनत घेतली. एकट्यानं. नत्थूचा पोरगा तिथं जेवण वाढायले होता, त्यानं आपल्या कानानं ऐकलं. मंग साहेबाले हार घातला, टाळ्या झाल्या, आन् तो निघाला. कोरडी बोट, डायरेक्ट पाण्यात. जोरात नेली मधात. काठावरच्या लोकांले वाटलं, साहेब हात हलवून राहिला आहे. तेही हात हलवत राहिले.

साडेपाच वाजता बुडाली. साहेब शुक्रवारी दुपारी पाण्यात भेटला. म्हणजे दयारामले भेटला त्या घडीले तो पाण्याखालीच होता.

दयाराम मयतीले गेला. मागं उभा राहिला, पण गेला. मले म्हणे, मेला त्याचं दुःख झालं भाऊ, पण त्याच्याहून जास्त ते 'एकट्यानं' झोंबलं. मले सोबत नेलं असतं त मी त्याले बसूच दिलं नसतं. दोन रात्री काठावर झोपलो असतो मी. जगला असता तो.

हव, बेटा, मलेही तेच वाटते. लबाडी केली नसती त वाचला असता.

आता झोपा. काय? शेडाचं काय? ...

शेड आहे अजून. साहेबाच्या पोरीनं, संपदानं, त्याची दुसरी चाबी दयारामले आणून दिली. मागच्या आठवड्यात मी गेलो होतो त्याच्यासोबत. मे महिना, टिन असं तापलेलं की आत उभं राहवत नाही. जमीन सिमेंटची. छत कुठंच गळत नाही, मी पाहिलं. नळ नाही, नाली नाही.

त्या सिमेंटवर ओल आहे. लांबट, पुढं टोकदार, बरोबर बोटीएवढी. नत्थूनं कितीदा पोचारा मारून पुसलं, भुसा टाकला, तीन उन्हाळे दार उघडं ठेवलं. सुकत नाही. मी हात लावून पाहिला, गार होती.

सगळी ओली. फक्त समोरच्या अंगाले, डाव्या बाजूले एक जागा कोरडी आहे. एक माणूस बसन, एवढी.