रिकाम्या जागी ‘उत्तम’

शुभ्रकडा वस्तीच्या नियंत्रणकक्षात सकाळच्या पाळीला कौतिका बागूल खुर्चीवर टेकली, समोरची भिंत वाचली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

‘घुमट सातची हवा: उत्तम. तपासणी: कौतिका बागूल.’

कौतिकानं घुमट सातची हवा तपासलीच नव्हती. कुणीच तपासली नव्हती. तिथला हवा मोजणारा संवेदक चार तासांपूर्वीच मेला होता.

चंद्रावरच्या या वस्तीत नऊ घुमट होते आणि कागद औषधालाही नव्हता. जे वाचायचं ते भिंतीवरच्या पानांवर. ही पानं कुणी रोज लिहीत नसे. प्रत्येक पानाचा एक साचा असे, साच्यात रिकाम्या जागा असत आणि ‘भरणी’ नावाची छोटीशी आज्ञावली त्या जागा भरी. हवा, पाणी, माणसांची नावं, प्रत्येक गोष्टीचा एक ‘चल’, म्हणजे बदलती नोंद, मध्यवर्ती कोठारात ठेवलेला असे. चल बदलला, की नऊही घुमटांच्या भिंती पापणी लवायच्या आत बदलत. लोक म्हणत, ‘भिंत सांगते.’ भिंत कसली सांगते! साचा माणसानं लिहिलेला असतो, आणि माणसाला लाज असते किंवा नसते.

कौतिका इथं वेल्डर म्हणून आली होती. जेवणाच्या सुट्टीत पानांची मागची बाजू उघडून वाचता वाचता ती हे सगळं शिकली. पदवी नव्हती, म्हणून तिला तपासनीस केलं. सही करायला कुणीतरी लागतंच.

तिनं सातव्या घुमटाच्या पानाचा साचा उघडला, वाचला आणि तडक संचालकांच्या दालनात शिरली.

“सर, ‘हवा-सात’ हा चल रिकामा आहे.”

डॉ. मुकुल धारप उद्याच्या पाहुण्यांसाठी भाषण घोटत होते. “मग? भिंतीवर तर ‘उत्तम’ दिसतंय.”

“तेच तर! साच्यात लिहिलंय, चल रिकामा असेल तर ‘उत्तम’ छापा. हे कुणी लिहिलं?”

“मी. उद्घाटनाच्या वेळी. पानावर भोकं दिसली तर पाहुण्यांना काय वाटेल?”

“पाहुण्यांना? सर, तिथला कर्बशोषकाचा पंखा बंद आहे. वीजघराचा मीटर वेगळा असतो, तो मी बघितला. चार तास शून्य वीज. एकशे बेचाळीस माणसं श्वास सोडतायत आणि तो कर्बवायू तिथंच साचतोय. आधी डोकं दुखतं, मग झोप येते. मग उठवायला गेलात तरी कुणी उठत नाही.”

“मीटर बिघडला असेल.”

“संवेदक पण बिघडला, मीटर पण बिघडला, आणि साचा तेवढा शहाणा?”

धारपांनी चष्मा काढला. “हे बघ. आज नऊशे नव्व्याण्णव दिवस झाले, वस्तीत एकही अपघात नाही. उद्या हजार. तुझ्या एका अंदाजावर घुमट रिकामा करून मी जगापुढं तोंडघशी पडू? दुपारच्या गाडीनं माणूस पाठवतो. आणि घाबरू नकोस, तपासणीखाली नाव तुझं आहे, माझं नाही.”

म्हणजे हा माणूस तिला धीर देत होता!

सातवा घुमट गाडीनं दोन तासांवर. माणसं शुद्धीवर असणार फार तर तासभर. कौतिकानं बाहेर येऊन तिथं फोन लावला. जुने वेल्डर हुसेनचाचा मुलाणी आता तिथले भाजीचे वाफे सांभाळत. वेल्डिंगचा पहिला टाका तिनं त्यांच्याच हाताखाली मारला होता.

“काय गं पोरी, आज लवकर आठवण आली?”

“चाचा, डोकं दुखतंय का?”

“आता तू विचारलंस म्हणून सांगतो, ठणकतंय. टोमॅटो तोडणाऱ्या बाया तर वाफ्यातच पेंगायल्यात.”

“हवा विषारी झालीय. प्राणवायूचे मुखवटे चढवा, सगळ्यांना आश्रयकक्षात न्या.”

“पोरी, मी तुझं ऐकीन. पण हे एकशे बेचाळीस जण भिंतीचं ऐकतात. मी ओरडलो तर म्हणतील, म्हातारा चळला, भिंत बघ की, उत्तम आहे.”

“तरी सांगून बघा.”

फोन न ठेवता चाचा ओरडले. पलीकडून हसण्याचा आवाज आला, तोही झोपाळलेला.

कौतिकाला ‘हवा-सात’ला हात लावायची परवानगी नव्हती. साच्यालाही नाही. मोठी सूचना फक्त संचालक काढू शकत. सबंध कोठारात एकच चल असा होता जो तिला बदलता येत होता: तिचं स्वतःचं नाव. लग्नानंतर बायकांना नाव बदलता यावं म्हणून ठेवलेली ती सोय होती. कौतिकानं कधी वापरली नव्हती. आणि नावाला लांबीची मर्यादा नव्हती. पूर्वी होती. धारपांच्या पदव्या मावेनात, म्हणून त्यांनीच ती काढून टाकली होती.

तिनं नावाची चौकट उघडली. ‘कौतिका बागूल’ खोडलं आणि लिहिलं: ‘सातव्या घुमटातली हवा विषारी आहे, मुखवटे घाला, आश्रयकक्षात जा’.

वस्तीतल्या प्रत्येक पानावर, तीन वर्षांच्या प्रत्येक तपासणीखाली, तेच उमटलं.

“चाचा, भिंतीवर खाली बघा!”

“दिसलं गं, पण मुंगीएवढं अक्षर आहे. तपासनिसाचं नाव कोण वाचतंय?”

खरंच, कोण वाचतंय? तीन वर्षं कुणी वाचलं नव्हतं. मग कौतिकाला आठवलं, की एका पानावर कर्मचाऱ्याचं नाव वीतभर उंच छापतात. ती उठली आणि पुन्हा धारपांच्या दालनात गेली. या वेळी दार ठोठावलं नाही.

“धारप, उद्याचं भाषण कशाला घोटताय? साच्यात घाला की. डोक्याच्या जागी काही नसेल तर ‘उत्तम’ छापा.”

बाहेर बसलेले सात-आठ जण खुर्च्या मागं सरकवून बघायला लागले.

“काय म्हणालीस?”

“ऐकू आलं नाही? एकशे बेचाळीस जिवांपेक्षा तुम्हाला हजाराचा आकडा प्यारा आहे. खुर्चीवर तुम्ही नाही, भरणी बसलीय. रिकामी जागा दिसली, बसली.”

धारपांचं तोंड लालबुंद झालं. “निघ! आत्ताच्या आत्ता काढतो तुला. सगळ्या वस्तीला कळू दे!”

“काढा. हिंमत असेल तर सगळ्या भिंतींवर काढा.”

बडतर्फीचा साचा धारपांनी स्वतः लिहिला होता. नऊही घुमटांत लाल अक्षरं, सोबत भोंगा, आणि शेवटच्या माणसानं वाचल्याची खूण करेपर्यंत भिंत मिनिटामिनिटाला मोठ्यानं वाचत राही. माणसाची चारचौघांत पुरती शोभा व्हावी, एवढाच हेतू. संचालकानं फक्त कर्मचारी क्रमांक घालायचा. नाव भरणी भरते.

धारपांनी तीन, एक, सात घातलं आणि बटण दाबलं.

भोंगा झाला. भिंती लाल झाल्या. आणि भिंतीचा तो सपाट, कुणावरही न रागावणारा आवाज नऊ घुमटांत घुमला:

“सर्वांनी नोंद घ्यावी. सातव्या घुमटातली हवा विषारी आहे, मुखवटे घाला, आश्रयकक्षात जा, यांना तात्काळ कामावरून काढण्यात येत आहे.”

“हे काय आहे?” धारप किंचाळले.

“माझं नाव,” कौतिका म्हणाली.

“रद्द! रद्द करा!” आणि त्यांनी स्वतःच रद्दचं बटण दाबलं. रद्द करण्याच्या आदेशालाही साचा होता.

“सर्वांनी नोंद घ्यावी. सातव्या घुमटातली हवा विषारी आहे, मुखवटे घाला, आश्रयकक्षात जा, यांच्यावरील कारवाई मागे घेण्यात येत आहे.”

आता दोन्ही आदेश आळीपाळीनं घुमायला लागले. बाहेरचा एक जण आधी हसला, मग धावत फोनकडं गेला. सातव्या घुमटात कुणी हसलं नाही. भिंतीनं सांगितलं होतं ना! अकरा मिनिटांत एकशे बेचाळीस मुखवटे चढले. चौघा बायांना खांद्यावर टाकून न्यावं लागलं, त्यातल्या दोघींना हुसेनचाचांनी. आश्रयकक्षाचं दार बंद झालं, तेव्हा चाचांचा फोन आला.

“मोजले. सगळे आत आहेत, सगळे जिवंत आहेत. पोरी, तुझं नाव जरा लांबलचक झालंय, पण कानाला बरं लागतंय.”

कौतिका टेबलावर डोकं टेकून रडली, आणि रडता रडताच हसली.

दुपारी कर्बवायू मोजला, तेव्हा कक्षातल्या पदवीवाल्यांनी माना खाली घातल्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. धारप परतीच्या यानाची वाट बघत सामानावर बसले होते, आणि त्यांच्या डोक्यावर भिंत म्हणत होती: ‘अपघाताविना दिवस: १०००’. अगदी खरा आकडा. अपघात झालाच नव्हता.

कौतिकानं आता हातात आलेले सगळे साचे उघडले आणि एकेका पानावरचं ते फुकटचं ‘उत्तम’ खोडलं. मग नावाची चौकट उघडून स्वतःचं नाव एकेक अक्षर करून परत लिहिलं.

पाहुण्यांतल्या एका बाई सातव्या घुमटाच्या पानापुढं थबकल्या. तिथं नवा संवेदक अजून बसायचा होता. त्यांनी आधी वरची ओळ वाचली. मग, कुणी न सांगता, वस्तीत प्रथमच कुणीतरी वाकून खालचं मुंगीएवढं अक्षरही वाचलं:

‘घुमट सातची हवा: माहीत नाही. तपासणी: कौतिका बागूल.’