देवरामाची कॉमेंट्री

निफाडपासून घोटीपर्यंत कुठंही टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा असो, माइक देवरामाच्याच हातात. खेळ त्याला जेमतेम कळायचा, पण जीभ अशी तिखट की बॅट्समनपेक्षा जास्त टाळ्या यालाच. कुणाचा झेल सुटला की हा सुरू, "अरे बाबा, हाताला भोक पाडून आणलंस का?" लोक पोट धरून हसायचे. ज्याचा सुटला तो सोडून सगळे.

साठी उलटल्यावर त्याला गंगापूर रोडवरच्या एका स्टुडिओत काम मिळालं. अमेरिकेतल्या जुन्या व्यावसायिक बेसबॉलचे तीस गाजलेले क्षण, कुठल्याशा मोबाइल अ‍ॅपसाठी, मराठी कॉमेंट्रीसह. बेसबॉलमधलं त्याला काय कळणार, डोंबल! पण स्टुडिओतली आरोही प्रत्येक फिल्मसोबत माहितीचा कागद द्यायची, तेवढ्यावर भागायचं.

मंगळवारी अकरावी फिल्म होती. 'अजरामर झेल' असं कागदावर लिहिलेलं त्यानं मोठ्यानं वाचलंसुद्धा. पडद्यावर ढगळ पँटीतला एक खेळाडू पाठमोरा धावत गेला, भिंतीजवळ त्यानं उडी मारली, आणि बॉल हातमोज्यात शिरायच्या आत देवराम सवयीनं ओरडला, "सुटला!"

आरोही हसली. "काका, घेतलाय त्याने! परत करू."

तिनं फिल्म मागं नेली. तो धावला, त्यानं उडी मारली. बॉल हातमोज्याला लागून गवतात पडला.

"अगं, मघाशी घेतला होता ना यानं?"

"यानं? कागद वाचा ना, काका."

कागदावर लिहिलं होतं, 'सुटलेला झेल. त्यानंतर हा खेळाडू पुन्हा कधी मैदानात दिसला नाही.'

वय झालं आपलं, असं म्हणत देवरामानं चष्मा पुसला. पण दुपारी त्यानं डबा उघडलाच नाही. राहून राहून त्याला संतोष आठवत होता, त्याचा एकुलता एक मुलगा.

अकरा वर्षांपूर्वीची पिंपळगावची फायनल. शेवटच्या बॉलवर समोरच्या संघाला दोन धावा हव्या होत्या. सीमारेषेवर संतोष, माइकवर बाप. झेल सुटला आणि बापानं पोटच्या पोरालाही तोच भोकाचा टोमणा मारला. अख्खं मैदान हसलं. घरी येऊन संतोष एवढंच म्हणाला होता, "अण्णा, बॉल हातात येत व्हता माझ्या. तुम्ही आधी बोलले."

"स्वतःचं पाप बापाच्या माथी मारतो काय रे?" देवराम खेकसला होता. त्या दिवसापासून एका छपराखाली राहूनही बापलेकांत बोलणं नव्हतं.

त्या मॅचचा व्हिडिओ त्याच्या मोबाइलमध्ये होता. उघडायची छाती कधी झाली नव्हती. आरोही जेवायला गेल्यावर त्यानं मोबाइल माइकशेजारी ठेवला आणि व्हिडिओ लावला.

बॉल वर गेला. संतोष बरोबर खाली येऊन थांबला.

"घेतला!" देवराम ओरडला. "घेतला रे माझ्या पोरानं!"

बॉल पडला.

पुन्हा लावला, पुन्हा ओरडला. पुन्हा पडला.

तिसऱ्यांदा तो ओरडला नाही. मोबाइलचा आवाजही त्यानं बंद केला.

बॉल संतोषच्या ओंजळीत आला. बोटं मिटली. संतोष हसला, आणि पोरं त्याच्या अंगावर धावत आली.

देवराम पुढं वाकला. व्हिडिओ मागं नेऊन त्यानं आवाज सुरू केला. बॉल अजून वरच होता, तेवढ्यात लाउडस्पीकरवर त्याचाच आवाज गरजला, "सुटला!" आणि खाली संतोषची जुळलेली ओंजळ उघडली.

रिक्षा करून तो मखमलाबादला घरी आला. सबंध रस्ताभर ओठात एकच वाक्य घोळवत होता.

संतोष अंगणात दीड वर्षाच्या मुलीला, छायाला, वर उडवून झेलत होता. ती खिदळत होती.

"संतोष, माझं चुकलं रे. झेल तुझाच होता. मीच आधी..."

"मला माहीत हाय, अण्णा." संतोष अगदी शांत होता. त्यानं छायाला वर उडवलं.

देवरामानं दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. पोर अलगद बापाच्या हातात आली.

"तोंड काहून दाबता? बोला ना," संतोष म्हणाला. "आता माइक नाय म्हणून काय झालं?"

त्यानं छायाला पुन्हा वर टाकलं, मघापेक्षा उंच. या वेळी त्याची नजर पोरीवर नव्हती. अण्णांच्या तोंडावर होती.