साडेसहाचा शिक्का

"अहो, थांबा! पुस्तक तुमचं, पण चिठ्ठी आमची आहे!"

चिझुरूनं मागं वळून पाहिलं. जपानातल्या मात्सुए गावाच्या मोठ्या पुलावर पाऊस भुरभुरत होता, आणि एक उंच, किडकिडीत माणूस अंगात दुकानाचा एप्रन तसाच ठेवून, छत्रीबित्री काही न घेता तिच्यामागं पळत येत होता. जवळ आला, गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला, आणि बोलायला श्वासच पुरेना.

"कसली चिठ्ठी?"

"पुस्तकासमोर लावलेली… हातानं लिहिलेली. ती तुम्ही पिशवीत घातलीत."

"मला वाटलं, पुस्तकाबरोबर मिळते ती!"

"कशी मिळेल? एकच तर आहे. तीन दिवस लागले मला लिहायला."

चिझुरूनं पिशवीत हात घालून ती बाहेर काढली. तळहाताएवढा पिवळा पुठ्ठा आणि त्यावर गोल, टपोरं अक्षर — 'मी रोज सकाळी साडेसहाला बागेत कवायतीला जातो. आधी जात नव्हतो. हे पुस्तक वाचलं आणि जायला लागलो. दिवस केवढा मोठा असतो, ते सत्ताविसाव्या वर्षी कळलं.'

"हे तुम्ही लिहिलंत?"

त्याचे कान लाल झाले. "हो… म्हणजे… हो."

"म्हणजे तुम्ही खरंच रोज साडेसहाला—"

"रोज," तो म्हणाला. "तीन वर्षं."

बाई गं! त्या एका 'रोज'नं पुढं केवढं रामायण घडवलं!

चाळीस वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा स्टेशनकडच्या रस्त्यावर नागामींचं पुस्तकांचं दुकान होतं. आता तिथं मोबाइल विकतात. हा चिठ्ठीवाला, योहेई कादोवाकी, त्या दुकानात कामाला होता आणि दुकानाच्याच माडीवर राहायचा. चिझुरू इतोहारा तळ्याकाठच्या मिठाईच्या कारखान्यात खोकी बांधायची. वय चोवीस, आणि आपल्या हातून आयुष्यात काही म्हणजे काही धड होत नाही, याची तिला पक्की खात्री होती. सकाळी जाग यायची नाही, कपाट उघडलं की कपडे अंगावर यायचे, विणायला घेतलेला गळपट्टा तीन हिवाळे अर्धाच होता. म्हणून तर ती त्या दिवशी दुकानात 'नीट जगण्याची पुस्तकं' अशी पाटी लावलेल्या कपाटापुढं जाऊन उभी राहिली होती.

बुधवारी कारखान्याला सुटी असे. पुढच्या बुधवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. दर वेळी एक नवं पुस्तक, त्याच्यासमोर एक नवी चिठ्ठी. 'रोज एकच खण आवरा. एका दिवसात सगळं घर आवरायला निघालेला माणूस संध्याकाळी पसाऱ्यात बसून रडतो.' — 'झोपण्याआधी तीन ओळी लिहा. आज काय केलं, काय राहिलं, कोणाला हसवलं.' — 'रोज दहाच पानं वाचा. अकरावं वाचावंसं वाटलं तरी थांबा, उद्याची ओढ राहते.'

आणि नवल म्हणजे, चिझुरू तसं करायला लागली! एक खण, तीन ओळी. गळपट्टा काढून रोज दोन बोटं विणायला लागली, आणि ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तो पुरा झाला. मग बुधवारी, तीनच्या चहाच्या वेळी, दुकानात जाऊन हे सगळं सांगायचं. म्हातारे नागामी आतून हिरवा चहा घुसळून आणायचे आणि मुद्दाम पाठ करून बसायचे.

"मग? खण आवरला?" योहेई विचारायचा.

"आवरला. चार वर्षांपूर्वीची बिस्किटं सापडली."

"खाल्लीत की काय?"

"छे! तुमच्यासाठी आणलीत." आणि ती कागदाची पुडी पुढं सरकवायची. तो बिचारा घाबरत घाबरत उघडायचा. आत कारखान्यातली ताजी मिठाई, निळ्या फुलाच्या आकाराची.

"इतोहारासान… तुम्ही फार वाईट आहात हं." तो तिला कायम आडनावाला मानाचं 'सान' जोडूनच हाक मारायचा.

"आणि तुम्ही फार शहाणे. एवढं सगळं रोज कसं हो जमतं तुम्हाला?"

तेव्हा तो चहाच्या वाडग्यात तोंड खुपसायचा. चिझुरूला वाटायचं, किती साधा माणूस, जरा कौतुक केलं की लाजतो! तिला त्या लाजण्याचीच सवय लागली होती. तीन ओळींतल्या 'कोणाला हसवलं' या ओळीत आता दर बुधवारी एकच नाव असायचं.

जुलैत तिकडचा पावसाळा सरला तशी ती म्हणाली, "उद्यापासून मीही येणार कवायतीला. कुठली बाग?"

योहेईनं वाडगा खाली ठेवला. "बाग… ती आपली… देवळामागची."

दुसऱ्या दिवशी बागेत झाडाच्या फांदीला रेडिओ टांगलेला होता. कवायत घ्यायला दस्तुरखुद्द नागामी उभे, समोर सुटी लागलेली शाळेची पोरं. रेडिओवर पियानो सुरू झाला, हात वर गेले, आणि योहेईचा पत्ता नाही. दुसरा व्यायाम संपता संपता तो धावत आला. शर्ट उलटा, केस एका बाजूनं उभे, गालावर उशीचा वळ.

"रोज असेच येता?" तिनं वाकता वाकता विचारलं.

"आज… जरा उशीर झाला."

कवायतीनंतर नागामींनी पोरांच्या हजेरीच्या कार्डांवर शिक्के मारले, मग या दोघांनाही एकेक कोरं कार्ड दिलं. योहेईच्या कार्डावर शिक्का मारताना ते मिश्यांत हसले.

मग काय सुंदर सकाळी होत्या त्या! कवायत झाली की तळ्याकाठानं परत यायचं. पाण्यात होड्या लावून माणसं शिंपले काढत असायची. योहेई अर्धवट झोपेत चालायचा आणि चिझुरू त्याची कोपरखळ्यांनी झोपमोड करायची. कुणी कुणाला काही म्हणालं नाही. पण एकदा तो म्हणाला, "इतोहारासान, तुमच्या बोटांना साखरेचा वास येतो," आणि म्हणून झाल्यावर इतका घाबरला, की उरलेली वाट एक शब्द बोलला नाही.

ऑगस्ट संपत आला तेव्हा कारखान्याच्या मालकांनी चिझुरूला बोलावून घेतलं. ओसाकातल्या मोठ्या दुकानात आपल्या मिठाईचा ठेला उघडतोय, वर्षभर तू तो सांभाळ, हल्ली तुझं काम फार नीट असतं. तीन दिवसांत सांग.

ती थेट दुकानात गेली. कपाटात त्याच आठवड्यातली एक चिठ्ठी होती — 'चालून आलेल्या संधीवर तीन दिवसांपेक्षा जास्त विचार करू नका. मी केला नाही.'

"तुम्हीच सांगा आता," ती म्हणाली. "जाऊ?"

योहेईनं त्या चिठ्ठीकडं पाहिलं. 'नको' एवढा एकच शब्द त्याच्या तोंडून यावा, म्हणून चिझुरूचा जीव टांगणीला लागला होता.

"पुस्तकात तर… जा असंच म्हटलंय," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली, आणि चहा न घेता निघाली.

दुसऱ्या दिवशी तो बागेत आलाच नाही. चिझुरू नागामींना म्हणाली, "तीन वर्षांत पहिलाच खाडा असेल ना त्यांचा?"

"तीन वर्षं?" नागामी रेडिओ काढता काढता थांबले. "पोरी, तीन वर्षं तो माझ्या माडीवर आठ वाजेपर्यंत घोरतोय. बागेचं तोंड त्यानं बघितलं ते तू यायला लागलीस त्या दिवशी!"

चिझुरूला आधी ते खरंच वाटेना. मग राग आला, असा की डोळ्यांत पाणी. ती तशीच घरी गेली, अकराच्या अकरा पुस्तकं मोठ्या रुमालात बांधली आणि दुकानात जाऊन ते गाठोडं दाणकन त्याच्यापुढं आपटलं.

"घ्या तुमची पुस्तकं परत! खोटारडे कुठले!"

योहेईचा चेहरा उतरला. "नागामीसान बोलले वाटतं…"

"आणि ती संधीची चिठ्ठी? 'मी केला नाही'?"

"या दुकानात नोकरी धरू की नको, हे ठरवायला मला चौदा महिने लागले होते," तो खाली मान घालून म्हणाला.

"म्हणजे ज्या माणसाला स्वतःला उठवत नाही, त्याच्या सांगण्यावरून मी गाव सोडून निघाले होते!"

काहीतरी करायचं म्हणून त्यानं गाठोडं सोडलं, वरचं पुस्तक उघडलं. मिटलं. दुसरं उघडलं. मग तिसरं. आणि त्याचे ओठ थरथरायला लागले — हसू दाबल्यासारखे.

"हसता काय?"

"इतोहारासान… ही खुणेची दोरी बघा. छापखान्यात ती घडी करून मधल्या पानात घालतात. एकदा ओढून काढली की पुन्हा तशी बसत नाही." त्यानं चौथं उघडलं, पाचवं उघडलं. "ही सगळीकडं तशीच आहे. जशीच्या तशी."

चिझुरूनं जीभ चावली.

"एकही वाचलं नाहीत?"

"चिठ्ठ्या वाचल्या ना!" ती उसळली. "पुस्तक घेतलं नाही तर पुढच्या बुधवारी यायचं कोणत्या तोंडानं? उशाशी रचून ठेवली होती सगळी. आणि रोज दहा पानं म्हणे! अहो, दहा ओळींत डोळा लागतो माझा!"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग जी हसायला लागली, ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू ओसरलं. बाहेरून एक सायकल गेली.

"पहिल्या चिठ्ठीनंतरच्या सगळ्या मी तुमच्यासाठी लिहिल्या," योहेई हळूच म्हणाला. "मी जसा नाही… तसा तुम्हाला दिसावा म्हणून."

"मग आता जसे आहात तसे सांगा. जाऊ का ओसाकाला?"

"माझ्या मनाचं विचाराल तर — जाऊ नका. काल रात्रभर तेच म्हणत होतो, म्हणून सकाळी उठलो नाही." त्यानं मान वर केली. "पण खण तुम्ही आवरलेत. गळपट्टा तुम्ही पुरा केलात. मी नुसतं लिहिलं. ते ठेल्याचं काम तुम्हाला जमणार, आणि ते जमलेलं तुम्हाला बघायचंय. म्हणून जा. मी… मला तुम्ही फार आवडता, इतोहारासान. मी वाट बघेन."

तिनं नुसतं विचारलं, "कुठं?"

"बागेत. साडेसहाला. रोज—" तो अडखळला. "रोज नाही म्हणत. जमेल तितके दिवस."

"आणि शिक्का? शाळेची सुटी संपली की नागामीसान तो मारणं बंद करतात."

आतून नागामींचा आवाज आला, "घे रे बाबा!" आणि शिक्का टप्पा खात काउंटरवर येऊन पडला. "तुझा तूच मार. माझं डोकं नका खाऊ."

ओसाकात चिझुरू कामगार मुलींच्या वसतिगृहात राहिली. साडेसहाला गच्चीवर रेडिओ लागायचा. पियानोची तीच धून, तोच माणूस 'एक, दोन, तीन' म्हणणारा. हात वर करताना तिला वाटायचं, या घडीला तिकडंही दोन हात वर जात असतील… की जात नसतील? एकदा थापा मारलेला माणूस तो. शिक्का त्याच्याच खिशात. हा किंतु वर्षभर तिच्या मनात राहिला, ठेला कितीही छान चालला तरी.

पुढच्या सप्टेंबरात ती गाडीतून उतरली तेव्हा तो फलाटावर उभा होता. शर्ट सुलटा होता. त्यानं आधी तिची पेटी घेतली, मग दोऱ्यात बांधलेली बारा कार्डं तिच्या हातात दिली.

चिझुरू तिथंच बाकावर बसली आणि एकेक कार्ड बघायला लागली. लाल शिक्के, ओळीनं, एक चौकट सोडली नव्हती. जसजशी पुढं जात होती तसतसा तिचा जीव धास्तावत होता. इतकं नीट? आणि फेब्रुवारीच्या कार्डावर तिचं बोट थांबलं. दोन चौकटी कोऱ्या होत्या.

"ताप होता?"

"नाही."

"बर्फ पडलं होतं?"

"पडलं होतं, पण त्यामुळं नाही." त्यानं मान खाजवली. "झोपलो होतो."

"दोन्ही दिवस?"

"दोन्ही दिवस."

"शिक्का तर खिशातच होता तुमच्या. मारून टाकायचात. मला काय कळलं असतं?"

"खोटा शिक्का मारला होता की एकदा… त्या पहिल्या चिठ्ठीत," योहेई म्हणाला. "आता नाही मारवत."

चिझुरूनं त्या दोन कोऱ्या चौकटींवरून बोट फिरवलं. बाकीच्या सगळ्या शिक्क्यांवर आता कुठं तिचा विश्वास बसला. वर्षभराचा तो किंतु तिथल्या तिथं विरला, आणि तिला रडू आलं.

"आणि ती अकरा पुस्तकं?" डोळे पुसत तिनं विचारलं.

"वाचली सगळी. रोज दहा पानं."

"कशी आहेत?"

"चिठ्ठ्या बऱ्या होत्या."

ती हसली, कार्डांचा जुडगा हक्काचा असल्यासारखा आपल्या पिशवीत घातला आणि उठली. "पुढच्या फेब्रुवारीत खाडा चालणार नाही हं, योहेईसान," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं त्याला नावानं हाक मारली होती. "पांघरूण ओढायला मी असेन… रोज."

तो जुडगा अजून चिझुरूच्या खणात आहे. आजही सकाळी सव्वासहाला ती योहेईचं पांघरूण ओढते, आणि तो म्हणतो, "पाचच मिनिटं."